झाकलेला बॉयलर

मी, देवानंद नत्थुजी गावंडे, वय एकवीस वर्षे आठ महिने, मुक्काम वलगाव, तालुका व जिल्हा अमरावती, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, निळ्या शाईने, अमरावतीत शफीकचाचा बंबवाले यांच्या दुकानात ऐरणीशेजारच्या स्टुलावर बसून लिहीत आहे. मला ताप नाही. मी प्यायलेलो नाही. कोणी दमदाटी करून मला बसवलेले नाही. माझे डोके लवकर तापते हे दोन जिल्ह्यांत माहीत आहे, पण सध्या ते ठिकाणावर आहे. खात्रीसाठी आत्ताच सतराचा पाढा म्हणून पाहिला. 'धंदा' या रकान्यात काय लिहावे ते कळत नाही. इंजिनिअरिंग तिसऱ्या वर्षात सोडले. तूर्त 'इंजिन बनवणारा' असे लिहितो.

एकवीस वर्षांच्या माणसाला मृत्युपत्राची काय घाई, असे वाचणाऱ्याला वाटेल, म्हणून कारण आधी सांगतो. दोन वर्षांपासून मी वाफेच्या इंजिनाचे मॉडेल बनवत आहे. शकुंतला रेल्वेला पूर्वी जे कोळशाचे छोटे इंजिन असायचे, त्याच्यावर बेतलेले. लांबी चार फूट. खरा कोळसा, खरे पाणी, खरी वाफ. येत्या रविवारी अकोल्याला केशवराव इंगोले यांच्या अंगणात त्याला पहिली आग लावायची आहे. केशवराव मूर्तिजापूरला शकुंतलेच्या शेडमध्ये आधी फायरमन आणि मग फिटर होते. आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. त्यांची नात आचल कॉलेजात माझ्या वर्गात होती. तिचे शिक्षण पूर्ण झाले आणि ती सोमवारी नोकरीसाठी हैदराबादला जाते आहे. म्हणून रविवार. रविवारनंतर इंजिन चालले काय आणि न चालले काय, पाहायला ती नाही.

मागच्या रविवारी केशवराव मला म्हणाले, "गावंडे, आगकाडी मी देईन. पन आधी मृत्युपत्र लिहून आन."

"कोनाचं?"

"तुहं. माहं कवाच लिहून झालं."

त्यांच्या उस्तादाने शेडमध्ये त्यांच्याकडूनही असेच लिहून घेतले होते म्हणे. स्वतःच्या हाताने पहिली आग लावणाऱ्या प्रत्येकाकडून घ्यायचा.

"असं काहून आबाजी?" मी विचारले.

"लिहून पाह्य. मंग समजन काहून."

ओट्यावर आचल बसली होती. ती हसून म्हणाली, "आबाजी, याच्यापाशी हायच काय लिहाले?"

मी चहा तसाच ठेवून निघालो. यापुढील मजकूर म्हणजे तिच्या त्या प्रश्नाचे उत्तर आहे.

कलम १. व्यवस्थापक म्हणून माझा मित्र शुभम वानखडे याला नेमतो. तो वकिलीच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि या मृत्युपत्राचा मसुदा त्यानेच दिला. त्याचा एक जुना गुन्हा नोंदवून ठेवतो. मी वर्कशॉपमध्ये भांडून कॉलेज सोडले ही बातमी आचलला माझ्याआधी त्याने दिली, आणि वर मी रडलो असेही जोडले. मी रडलो नव्हतो. डोळ्यात लोखंडाचा कीस गेला होता. तरीही त्यालाच नेमतो, कारण दुसरा कोणी वकिली शिकत नाही.

कलम २. माझा मोबाईल आई, पार्वताबाई, हिला द्यावा. त्यातले फोटो तिने पाहू नयेत. पाहिलेच, तर त्यात आचल चौदा फोटोंत आहे आणि चौदाही फोटोंत इंजिनाचा काहीतरी भाग आहे, नुसती आचल एकाही फोटोत नाही, एवढे लक्षात घ्यावे. मी अकोल्याला सतरा वेळा गेलो. त्यातल्या तीन वेळा मला केशवरावांना विचारायला खरोखर प्रश्न होता. बाकी चौदा वेळा प्रश्न बडनेऱ्याला गाडीत बसल्यावर तयार केला. तरी गंमत अशी की, असे तयार केलेले प्रश्नच जास्त चांगले निघाले. 'इंजिन थंड होताना टकटक का वाजते' हा तसाच होता, त्याला केशवरावांनी दीड तास घेतला आणि आचलने दोनदा चहा केला.

कलम ३. माझी वर्कशॉपची वही कॉलेजातील त्या सरांना द्यावी, ज्यांचे नाव मी इथे लिहीत नाही. त्यांनी माझे बॉयलरचे ड्रॉइंग वर्गासमोर उंच धरले आणि 'हे खेळणं घरी खेळा' म्हणाले. मी टेबलावर हात आपटला, मागच्या कपाटाची काच फुटली. आपटला तो मीच, पण काच फुटावी म्हणून नाही. त्यानंतर मी गेलो नाही. वहीच्या शेवटच्या पानावर मी त्यांना एक प्रश्न लिहून दिला होता: उघड्या बॉयलरमधून किती उष्णता वाया जाते? त्यावर त्यांनी फक्त लाल रेघ मारली. उत्तर मी नंतर स्वतः काढले, ते कलम ५ मध्ये आहे, त्यांनी पाहावे.

कलम ४. माझी हत्यारे, म्हणजे पाने, फाइली, ड्रिल, आटे पाडायचे संच आणि पाण्याचा हातपंप, शफीकचाचांच्या दुकानात राहू द्यावीत. शुभम म्हणतो, साक्षीदाराला मृत्युपत्रात काही देऊ नये, नंतर वांधे होतात, आणि साक्षीदार तर चाचाच हवेत. म्हणून असे लिहितो की मी त्यांना काही देत नाही, हत्यारे फक्त जिथे आहेत तिथे पडून राहतील. तांबे तापवायचा ब्लोलॅम्प चाचांचाच आहे. तो देण्याचा प्रश्नच नाही.

चाचांबद्दल दोन ओळी. बाप-आज्यापासून त्यांच्याकडे पाणी तापवायचे तांब्याचे बंब बनतात. आता बनत नाहीत, फक्त दुरुस्तीला येतात. बंबालाही पोटात आग आणि भोवती पाणी असते, म्हणून बॉयलर शिकायला मी त्यांच्याकडे आलो. त्यांनी मला दोन टाके शिकवले. एक चांदीचा: तांबे लाल होईपर्यंत तापवायचे, मग चांदीमिश्रित तार सांध्यात आपोआप धावते. दुसरा कथिलाचा: थोड्याशा आचेवर होतो, गळका बंब पाच मिनिटांत बंद. कॉलेजातल्या पाच सेमिस्टरपेक्षा हे दोन टाके जास्त कामाचे.

कलम ५. वडील नत्थुजी यांचे काळे घोंगडे. दिवाळीपासून ते एका बाजूने हातभर आखूड झाले आहे. पहाटे संत्र्याला पाणी द्यायला जाताना बाबा ते पांघरतात, त्यामुळे लगेच लक्षात आले. "घोंगड्याले उंदीर लागला का चोर?" असे त्यांनी विचारले आणि आईने उंदरावर ढकलले. उंदीर मी आहे. ते घोंगडे बॉयलरला गुंडाळले आहे.

का, ते सांगतो. बॉयलर उघडा ठेवला तर निम्मी उष्णता हवेत जाते, वाफ सिलिंडरमध्ये पोचेपर्यंत पाणी होते आणि इंजिन चढावर धापा टाकते. म्हणून त्याला कपडे घालावे लागतात. कशाचे? मी स्टीलचे चार पेले घेतले, चारींत उकळते पाणी ओतले. एक उघडा. एकाला आमच्याच शेतातला कापूस. एकाला घोंगडे सैल, एकाला तेच घोंगडे सुतळीने आवळून. पाऊण तासाने थर्मामीटर लावला. उघडा बावन्न, कापूस सत्तर, सैल घोंगडे एकोणसत्तर, आवळलेले त्रेसष्ट. कापूस जिंकला, पण गरम तांब्यावर ठेवला तर पिवळा पडून जळका वास मारू लागला, म्हणून बाद. पण मला झोप लागू देईना ते शेवटचे दोन आकडे. घोंगडे एकच, मग आवळल्यावर कमी का? म्हणजे उष्णता लोकर अडवत नाही, लोकरीतली हवा अडवते.

हे मी चाचांना सांगितले. ते म्हणाले, "हवेनंच थांबते तं हवाच लाव. बापाचं घोंगडं कायले फाडतं?"

तिसऱ्या दिवशी भट्टीवरून धूर वर जाताना पाहिला तेव्हा उत्तर सुचले. मोकळी हवा एका जागी थांबत नाही, तापली की वर पळते आणि थंड हवा तिच्या जागी घुसते. लोकर तिला पळू देत नाही.

"म्हंजे घोंगडं हवेले वर्गात बसवते," चाचा म्हणाले.

"हो."

"अन् तुले कोन बसवन?"

बाबांनी माझ्या कामाला कायम 'डबडं' म्हटले. पण एकदा दुकानात येऊन ते बराच वेळ इंजिनासमोर उकिडवे बसले आणि फक्त एवढे विचारले, "हे मांगं जाते का?" मी म्हटले, जाते. "मंग ठीक हाय," म्हणाले आणि उठून गेले. माझ्या पश्चात बॉयलरवरचे घोंगडे सोडवून बाबांना परत करावे. आई ते जोडून देईल.

कलम ६. घोंगड्यावर सागवानाच्या पट्ट्या आहेत, अडतीस. धारणीहून आलेल्या एका मोडक्या खाटेच्या पाट्या चिरून काढल्या, प्रत्येक अर्ध्या बोटाएवढी रुंद, बॉयलरच्या लांबीने शेजारी शेजारी उभ्या. त्यावर पितळेचा पातळ पत्रा. पत्र्यावर सहा पितळी पट्ट्या, प्रत्येकीचा बोल्ट पोटाखाली, वरून दिसू नये असा. पत्र्याला मोटारसायकलच्या सायलेन्सरला मारतात तो काळा रंग, तीन हात. दर हातानंतर पाणी लावून पॉलिश पेपर. पट्ट्या मात्र पितळीच ठेवल्या. नऊ दिवस लागले. शेवटचा रंग वाळल्यावर त्यात माझे तोंड दिसले, आणि ते तोंड मला बरे दिसले.

फोटो आचलला पाठवला. तिने लिहिले, "आता दिसते इंजिन." तिच्या बाजूने दोन वर्षांतली ही सर्वात मोठी तारीफ. मी ती ओळ किती वेळा वाचली हे मृत्युपत्राचा विषय नाही.

कलम ७. सदर इंजिन, बॉयलर, टेंडर (कोळसा-पाण्याचा डबा) व रूळ यांसह, माझ्या मृत्यूनंतर आचल इंगोले, राहणार अकोला, हिच्या पूर्ण मालकीचे होईल. शुभमच्या मसुद्यात यापुढे एक छापील वाक्य आहे, ते उतरवतो: सदर वस्तू सुस्थितीत असून तिच्यात मी जाणूनबुजून लपवलेला कोणताही दोष

इथे पेन थांबले.

दुकानात मी एकटा आहे. चाचा जुम्म्याच्या नमाजला गेले आहेत, यायला अर्धा तास आहे. समोर पाटावर इंजिन आहे आणि त्यात माझे तोंड दिसते आहे. खरे काय ते लिहितो. खोडणार नाही.

बॉयलरच्या मागच्या टोकाला भट्टी असते. तिला दोन भिंती, मधे पाणी. वाफेच्या जोराने त्या भिंती फाकू नयेत म्हणून त्यांना तांब्याच्या जाड खिळ्यांनी एकमेकींशी बांधतात, त्याला स्टे म्हणतात. माझ्या भट्टीला असे बेचाळीस स्टे आहेत. इंजिन ऐंशी पौंड दाबावर चालायचे आहे. नियम असा की आग लावण्याआधी बॉयलर गच्च थंड पाण्याने भरायचा आणि हातपंपाने दुप्पट, म्हणजे एकशे साठ पौंडांपर्यंत दाबून पाहायचा. पाणीच का, हे केशवरावांनी पहिल्याच भेटीत सांगितले होते: "पान्यानं फुटला तं पॅन्ट वली होते. वाफेनं फुटला तं पॅन्ट शोधा लागते."

दोन जानेवारीला आम्ही दाबून पाहिला. एकशे वीसला तिसऱ्या ओळीतल्या दुसऱ्या स्टेला घाम आला. एक थेंब. चाचा म्हणाले, सगळे पुन्हा लाल करा लागन, चांदीचा टाका पुन्हा मारू, पुन्हा टेस्ट करू, आठ-दहा दिवस जातील. चार तारखेला आचलचा फोन आला, नोकरीची तारीख अलीकडे आली, एकवीसला हजर व्हायचे आहे. मी मनात हिशेब केला. चांदीचा टाका केला तर कपडे आणि रंग राहतो. आणि उघडे, लाल-काळे डागलेले भांडे मी तिच्यासमोर नेणार नव्हतो.

सहा तारखेला चाचा लग्नाला परतवाड्याला गेले. मी त्या स्टेवर कथिलाचा टाका मारला. बंबाचा. पाच मिनिटांत झाला, छान झाला, चकचकीत. टेस्ट केली नाही. चाचा आल्यावर म्हणालो, "झाली टेस्ट. एकशे साठ." ते म्हणाले, "शाब्बास." आणि मी त्यावर घोंगडे गुंडाळले.

बंबाला हा टाका चालतो, कारण बंबाचे तोंड उघडे असते. पाणी शंभर अंशांच्या वर जातच नाही. बंद बॉयलरमध्ये ऐंशी पौंडाला पाणी एकशे बासष्ट अंशांवर असते. मी वापरलेले कथिल एकशे त्र्याऐंशीला वितळते. मधे एकवीस अंश. आणि भट्टीतले पाणी थोडे खाली गेले तर तेही नाही. हे मला सहा तारखेलाही येत होते. ही बेरीज-वजाबाकी मी मुद्दाम केली नाही, एवढेच.

एका गोष्टीचे मला नवल वाटते. मी मेलो असे गृहीत धरून सहा कलमे लिहिली आणि पेन एकदाही थांबले नाही. उलट मजा आली. पण सातव्या कलमात तिचे नाव आहे. समजा मी बॉयलरने नाही, वलगावच्या रस्त्यावर ट्रकखाली मेलो. तर हे इंजिन बंद, चकचकीत, तिच्या अंगणात जाईल. ती ते पाटावर ठेवून रोज पुसणाऱ्यांतली नाही. ती चालवून पाहणार. केशवराव आगकाडी देणार. भट्टीच्या दारासमोर ती वाकून बसणार, कारण आत कसे दिसते हे तिला पाहायचे असणार. आणि माझ्या सहीने लिहिलेले असणार की दोष नाही.

अकोल्याचा म्हातारा लबाड आहे.

लेखन येथे थांबवले, दुपारी दोन वाजून वीस मिनिटे.

पुन्हा सुरू, पाच वाजून दहा मिनिटे. मधे जे घडले ते नोंदवतो.

चाचा पांढऱ्या कुर्त्यात परत आले. मी ही पाने त्यांच्या हातात दिली. ते ओळीखाली बोट फिरवत मोठ्याने वाचतात.

"ब्लोलॅम्प माहा हाय न बे? तू कोन मले देनारा?"

"तेच लिहिलं चाचा. पुढं वाचा."

घोंगड्याला ते हसले. सातव्या कलमात बोट थांबले. मग आवाज थांबला. मग ते पुन्हा वरून वाचू लागले, मनात.

"कथिल मारलं?"

"हो."

"बंबाचा टाका. इंजिनाले."

"हो."

"कोनं शिकवला तुले?"

"तुमीच."

"बंबासाठी शिकवला, गधे! बंबासाठी!" दोन वर्षांत मी त्यांचा असा आवाज ऐकला नव्हता. शेजारचा भांडेवाला डोकावून गेला. मग ते स्टुलावर बसले आणि हळू म्हणाले, "अन् मी शाब्बास म्हटलं."

हे मात्र मला सोसले नाही. मी पत्रा कापायची कात्री उचलली आणि पहिल्या पट्टीत घातली.

"ठेव ते. पट्टीले बोल्ट हाय न?"

"हाय."

"मंग बोल्ट खोल. पत्र्यानं काय केलं, त्याच्यावर राग काढतं?"

सहा बोल्ट खोलले. पत्रा उचलताना कडांचा रंग तडकला, नऊ दिवसांचा. सागवानाच्या पट्ट्यांवर मी पेन्सिलीने आकडे टाकले, एक ते अडतीस, कारण पुन्हा लावायच्या आहेत. घोंगड्याने बॉयलरचा गोल आकार धरला होता, सोडले तरी तसेच उभे राहिले. खाली लाल तांब्यावर तिसऱ्या ओळीत एक पांढरा ठिपका चमकत होता.

पाणी भरले. मी पंप मारू लागलो, चाचा काट्याकडे बघत. चाळीस, साठ, कोरडे. ऐंशी, कोरडे. ऐंशीला माझा हात थांबला. रविवारी काटा इथेच असता. म्हणजे इंजिन चालले असते! ती टाळ्या वाजवत असती. किती वेळा चालले असते? एकदा? दहादा? कोणत्या वेळी ती समोर बसलेली असती? हा प्रश्न मला अजून सोडत नाही, आणि तो करून पाहून सोडवायचा नाही.

"मार पुढं," चाचा म्हणाले.

एकशे पाचला कथिलाची कड नखासारखी उचलली आणि पाण्याची बारीक धार सरळ चाचांच्या छातीवर बसली. त्यांनी कुर्त्याकडे पाहिले.

"जुम्म्याचा हाय," म्हणाले. पण हलले नाहीत. वाकून त्यांनी धारेवर बोट ठेवले, काढले, पुन्हा ठेवले. "पाह्य, कसं निंगते. सुईसारखं." मग म्हणाले, "अजून मार." आम्ही दोघे कितीतरी वेळ ती धार बघत होतो. सांगायला लाज वाटते, पण माझी लाज तेवढा वेळ कुठे गेली होती कळत नाही.

मग आचलला फोन केला. चाचा समोर होते म्हणून उभ्याने केला.

"बोल."

"इंजिन रविवारी चालनार नाही."

"काहून?"

"बॉयलर गळते."

"केव्हापासून?"

"दोन तारखेपासून."

"अन् मले फोटो पाठवला तो?"

"तो रंगाचा होता."

"देवानंद, मी सोमवारी चालली. त्या डबड्यासाठी थांबनार नाही."

"माहीत हाय."

"मंग फोन काहून केला? उद्या सांगतला असता, बिघडलं म्हनून."

"बिघडलं नाही. मीच तसं ठेवलं होतं."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मग ती म्हणाली, "रविवारी ये. तसंच उघडं आन. पंप बी आन. ती धार मले पाहाची हाय."

तिच्या हातातून फोन केशवरावांनी घेतला. "गावंडे, मृत्युपत्र झालं का?"

"होऊन राहिलं आबाजी. मधातच बॉयलर खोलला."

"हं," म्हणाले. नंतर, "कोनत्या कलमाले?"

"सातव्या."

"मी चौथ्याले उठलो होतो," म्हणाले आणि फोन ठेवला.

तेव्हा वरील कलम ७ रद्द समजावे. त्याऐवजी पुढीलप्रमाणे.

कलम ७. तिसऱ्या ओळीतल्या दुसऱ्या स्टेला चांदीचा टाका होऊन एकशे साठ पौंडांची टेस्ट दोन माणसांसमक्ष होण्याआधी मी मेलो, तर या बॉयलरमध्ये कोणीही, कोणत्याही कारणाने, माझ्या आठवणीखातर तर मुळीच नाही, आग लावू नये. तो करवतीने लांबीने मधोमध चिरावा. एक अर्धा केशवरावांना द्यावा. दुसरा अर्धा कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये ठेवावा, कारण बॉयलर आतून कसा असतो हे तिथे आजवर खडूनेच दाखवले गेले आहे. त्या स्टेला रंगाने खूण करावी आणि खाली चिठ्ठी लावावी: 'हा टाका बंबाचा आहे.' चिठ्ठीवर माझे नाव असावे. शफीकचाचांचे नसावे, त्यांनी मला दोन्ही टाके बरोबर शिकवले होते.

कलम ८. आचल इंगोले हिला या मृत्युपत्राने मी काहीही ठेवत नाही. तिला जे सांगायचे आहे ते माझ्या मृत्यूनंतर शुभमने वाचून दाखवावे असे नाही. ते रविवारी, अकोल्याला, मी स्वतः, तोंडाने सांगणार आहे. ती हो म्हणेल असे मला वाटत नाही. काय म्हणेल, हे ऐकायला मात्र मी फार उत्सुक आहे.

शुभम सव्वासहाला आला. त्याने सर्व वाचले आणि म्हणाला, "लेका, मृत्युपत्रात फोनवरचं बोलनं कोन लिहिते?" मी म्हटले, ज्याचे बोलणे झाले तो. त्याच्या सांगण्यावरून वस्तूचे परिशिष्ट जोडत आहे.

परिशिष्ट: वाफेच्या इंजिनाचे मॉडेल, नग एक. लांबी चार फूट. बॉयलर तांब्याचा, स्टे बेचाळीस, पैकी एक नादुरुस्त. वरील आवरण (घोंगडे, सागवानी पट्ट्या अडतीस, पितळी पत्रा, पट्ट्या सहा) उतरवून वेगळे ठेवले आहे. रंग तडकलेला. टेस्टमध्ये टिकलेला दाब: ............ पौंड.

सही करण्याआधी चाचांनी बोट त्या टिंबांवर ठेवले. "हे मोकळं काहून?"

"टेस्ट झाल्यावर भरीन."

"तू भरशीन?"

त्यांनी माझ्या हातातून पेन घेतले. "मंग एक सही हितंबी करतो. हिच्याशेजारी आकडा चढवाचा तं माह्यासमोर चढवाचा."

वरील सर्व मजकूर मी वाचला आहे, तो माझाच आहे, आणि दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत मी खाली सही करत आहे.

देवानंद नत्थुजी गावंडे (सही)

साक्षीदार १: शुभम वानखडे, अमरावती (सही). लिहून देणारा शुद्धीत होता. तो वर्कशॉपमध्ये रडला होता या माझ्या म्हणण्यावर मी कायम आहे.

साक्षीदार २: शफीक खान, बंबवाले, अमरावती (सही). दुसरी सही परिशिष्टात, मोकळ्या जागेला लागून.

स्थळ: अमरावती
दिनांक: १७ जानेवारी २०२५, शुक्रवार